झिजलेले इंजिन, थंड सकाळ : सिम्युलेटरमधील सेस्ना १७२ च्या प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर २०२४, शनिवार

संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरसोबत मिळणाऱ्या बहुतेक विमानांचे इंजिन कंट्रोल आणि ई ही दोन बटणे एकत्र दाबली की सुरू होते, आणि ते दर वेळी सारखेच सुरू होते. मला तसे इंजिन नको होते. म्हणून सेस्ना १७२ चे असे प्रारूप विकत घेतले, ज्यात इंजिनाची झीज, बॅटरीची अवस्था आणि प्लगवरची काजळी एका उड्डाणातून पुढच्या उड्डाणात तशीच जपली जाते. प्रारूपात विमानाची अवस्था दाखवणारे जे हँगरचे पान आहे, त्यावर मुद्दाम १,८५० तास चाललेले जुने विमान निवडले. त्यातले इंजिन कार्बोरेटरचे, चार सिलिंडरचे लायकमिंग ओ-३२० आहे. ह्या जातीच्या इंजिनाला साधारण २,००० तासांनी ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, सांगितलेले असते, तेव्हा हे इंजिन उतारवयातले म्हणावे लागेल. प्रकल्पाची अट मी अशी ठरवली आहे की सिलिंडर किंवा मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रे) नवे घालायचे नाहीत. जे आहे तेच इंजिन थंड सकाळी खात्रीने सुरू करता आले पाहिजे.

विमान नागपुरातल्या सोनेगावच्या विमानतळावर, समुद्रसपाटीपासून १,०३३ फुटांवर उभे आहे. तापमान थेट हवामानावर सोडले नाही. डिसेंबरातल्या नागपूरच्या पहाटेला शोभेल असे १० अंश मीच ठरवून ठेवले, कारण रोज हवा बदलत गेली तर कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला हे कळणार नाही. सामान असे: जुन्या बाजारातून घेतलेली जॉयस्टिक व थ्रॉटल मिळून २,२०० रुपये, मॅग्नेटोच्या चावीसाठी रोटरी स्विच १८० रुपये, आणि तो स्विच संगणकाला जोडायला प्रो मायक्रो बोर्ड ५५० रुपये. चावीची पेटी मी घरीच तयार केली असून सेल्फसाठी शेजारी वेगळे बटण बसवले आहे.

पहिला प्रयत्न पूर्ण फसला. मिक्श्चर (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी मूठ) पुढे, थ्रॉटल (हवा कमी-जास्त करणारी मूठ) पाव इंच, सुरू करण्याआधी जादा पेट्रोल आत ढकलणाऱ्या प्रायमरचा दट्ट्या दोनदा मारला, चावी डाव्या मॅग्नेटोवर ठेवली आणि पंधरा सेकंद सेल्फ मारला. इंजिनाने एकदाही उचलले नाही. तसेच आणखी पाच वेळा केले, तोवर विमानाचा पुढचा पंखा निम्म्या फेरीत अडकू लागला आणि बॅटरी उतरली. अडीच तास गेले आणि हाती काहीच लागले नाही, कारण सहाही वेळा मी नेमके तेच करत होतो.

८ डिसेंबर

हँगरच्या पानावर बॅटरी २४.१ व्होल्ट दिसली. २४ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना २५ च्या वर असते, म्हणजे ही निम्म्यावर आलेली होती. कालच्या सेल्फइतकाच दोष माझ्या दुसऱ्या एका सवयीचाही आहे: मी मास्टर स्विच (विमानाची सगळी वीज सुरू करणारा) आणि बीकनचा लुकलुकणारा दिवा चालू ठेवून वीस मिनिटे माहितीपुस्तिका वाचत बसलो होतो. आता पुस्तिका आधी वाचायची, मास्टर नंतर दाबायचा, आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, असे ठरवले. बाहेरून वीज जोडून बॅटरी पूर्ण भरून घेतली.

बॅटरी भरल्यावरही पंखा जड फिरत होता. तेलाच्या पानावर पाहिले तर आत एकाच श्रेणीचे डब्ल्यू १०० तेल होते. हे तेल साधारण १५ अंशांच्या वरच्या हवेसाठी चांगले. १० अंशांना ते घट्ट होते. ते काढून १५डब्ल्यू-५० हे बहुश्रेणी तेल घातले. फरक कानाला लगेच कळला: आधी दोन फटक्यांच्या मधली शांतता मोजता येत होती, आता फटके एकामागून एक येऊ लागले. ज्यांना हिवाळ्यात जुने इंजिन सुरू करायचे आहे त्यांनी प्रायमरला हात लावण्याआधी तेलाची श्रेणी पाहावी. इंजिन मात्र अजूनही उचलत नाही.

११ डिसेंबर

रात्री जेवण झाल्यावर कॉम्प्रेशन तपासले. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय (दाबाचे एकक) दाबाने हवा सोडायची आणि त्यातली किती टिकते ते वाचायचे, अशी ही पद्धत आहे. आकडे आले ७४, ७१, ५८ आणि ७३. लायकमिंगच्या मार्गदर्शनात ६० ही शेवटची मर्यादा मानली जाते, म्हणजे तिसरा सिलिंडर त्याच्याही खाली गेलेला आहे. खऱ्या कार्यशाळेत मेकॅनिक कान लावून ऐकतो: हवा एक्झॉस्टमधून सुसाटत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून येत असेल तर इनलेट व्हॉल्व्ह, आणि तेल भरण्याच्या तोंडातून येत असेल तर रिंगा. इथे प्रारूपाने थेट रिंगा असे लिहून दिले. अट पाळायची असल्याने त्या सिलिंडरला मी हात लावला नाही. तीन सिलिंडर चांगले असताना इंजिन सुरू व्हायला हवे, हे तर्काला पटत होते, आणि म्हणूनच दोष दुसरीकडे आहे हेही त्याच रात्री कळायला हवे होते.

त्याऐवजी मी प्लग काढले. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे आठ प्लग असतात. सिलिंडर आडवे असल्याने झिजलेल्या रिंगांतून आलेले तेल खालच्या बाजूला साचते आणि खालचे प्लग आधी खराब होतात; इथेही खालच्या चारपैकी तीन प्लग तेलाने काळे पडले होते. ते साफ करून पुन्हा बसवले. त्यानंतर सेल्फ मारला तेव्हा इंजिन पहिल्यांदाच बोलले: एकदा खोकले, आणि लगेच पंखा उलट्या दिशेने झटका खाऊन जागच्या जागी थांबला. मी वहीत लिहिले, «तिसऱ्या सिलिंडरच्या कमजोरीमुळे उलटा झटका.» हे निदान चुकीचे होते, पण ते खोडलेले नाही, कारण पुढचे दहा दिवस त्याच वाक्यामुळे वाया गेले.

१५ डिसेंबर, रविवार

लहानपणी आमच्या घरी दोन-स्ट्रोक स्कूटर होती. थंडीत ती सुरू होत नसे, तेव्हा बाबा तिला एका बाजूला चांगली तिरपी करत, मनात पाच अंक मोजत, सरळ करत आणि मग किक मारत. थंड इंजिनाला जास्तीचे पेट्रोल लागते, हे मी त्या अंगणात शिकलो. त्याच आठवणीच्या भरात आज प्रायमर दोनऐवजी सहा वेळा मारला. त्याच स्कूटरचा प्लग ओला झाला की बाबा तो काढून, फडक्याने पुसून, उन्हात ठेवत, ही दुसरी अर्धी आठवण वेळेवर आली नाही.

इंजिन ओव्हरफ्लो झाले. त्यावरची पद्धत पुस्तिकेत दिलेली आहे आणि ती चालते: मिक्श्चर पूर्ण मागे ओढून पेट्रोल बंद करायचे, थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलून भरपूर हवा आत घ्यायची आणि सेल्फ मारत राहायचे; इंजिनाने पकडले की लगेच थ्रॉटल मागे आणि मिक्श्चर पुढे. ह्यात दोन्ही हात उलटसुलट चालवावे लागतात, म्हणून मी आधी इंजिन बंद ठेवून ती हालचाल वीस वेळा गिरवली. सेल्फ मारल्यावर पेट्रोल साफ झाले, पण इंजिनाने पकडले नाही.

हे करत असताना एक गोष्ट मात्र दिसली. थ्रॉटल हाताने मागे, पाव इंचावर स्थिर धरलेला असताना पडद्यावरची मूठ आपोआप अर्ध्यापर्यंत पुढे जाऊन परत येत होती. सेकंदभरच, पण सेल्फ फिरत असतानाच. म्हणजे आजवर मी पाव इंचावर सुरू करत होतो असे समजत असताना इंजिनाला भलतीच हवा मिळत होती.

१८ डिसेंबर

संध्याकाळी कामावरून येताना सीताबर्डीत उतरून कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा घेतला, २६० रुपये. थ्रॉटलची पेटी उघडली. आत मुठीच्या दांड्याला जोडलेला एक पोटेन्शिओमीटर असतो. त्याच्या कार्बनच्या पट्टीवरून एक बारीक पातळ पत्रा सरकतो आणि त्यावरून मूठ कुठे आहे हे संगणकाला कळते. पट्टीवर जिथे मूठ सर्वांत जास्त वेळ राहिली असेल, म्हणजे मागच्या टोकाजवळ, तिथेच काळा चुरा साठला होता. फवारा मारून मूठ पन्नास वेळा पुढे-मागे केली, पंधरा मिनिटे वाळू दिले आणि मगच यूएसबी जोडली. मापन-पानावरची रेघ, जी आधी दातेरी होती, ती सरळ झाली.

पेटी उघडताना झाकणाची एक प्लास्टिकची खाच तुटली, कारण तिच्याखाली पाचवा स्क्रू स्टिकरच्या मागे दडलेला होता आणि मी जोर लावला. ज्यांना अशी पेटी उघडायची आहे त्यांनी आधी प्रत्येक स्टिकरवरून अंगठा दाबून फिरवावा. जिथे खळगा लागेल तिथे स्क्रू आहे. तुटलेल्या जागी सध्या चिकटपट्टी आहे.

थ्रॉटल सुधारला. इंजिन सुरू झाले नाही. पुन्हा एकदा उलटा झटका आला.

२१ डिसेंबर, शनिवार

हा दिवस सविस्तर लिहितो.

आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांनी आयुष्यभर फवारणीच्या आणि शेतपंपाच्या इंजिनांची दुरुस्ती केली आहे. विमानाशी त्यांचा संबंध नाही, पण मॅग्नेटो त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत. दुपारी ते चहाला आले होते आणि माझा सेल्फचा आवाज ऐकत बसले. चौथ्या प्रयत्नात पंखा उलटा गेला तेव्हा ते उठून खुर्चीमागे उभे राहिले.

«कारे, हे इंजिन उलटं मारते म्हणजे ठिणगी लवकर पडून राह्यली,» ते म्हणाले.

मी म्हटले, «नाही काका, तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलेलं आहे, म्हणून होतं ते.»

«कॉम्प्रेशन गेलं तर इंजिन मरते बाप्पा, मागं नाही येत. पहिले ठिणगी पाह्य, मंग पेट्रोल पाह्य. तुह्या मॅग्नेटोत खटका आहे का नाही?»

आहे. ह्या प्रारूपात फक्त डाव्या मॅग्नेटोला इम्पल्स कपलिंग आहे, म्हणजे काका म्हणतात तो खटका. इंजिन चालू असताना ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या २५ अंश आधी पडते, आणि वेगात तेच योग्य असते. सेल्फच्या मंद गतीत मात्र तेवढ्या आधी स्फोट झाला तर तो वर येणाऱ्या पिस्टनलाच मागे ढकलतो. कपलिंगमधील स्प्रिंग मॅग्नेटोला थोडा वेळ अडवून धरते आणि पिस्टन वर पोहोचण्याच्या सुमारास झटक्यात सोडते, त्यामुळे ठिणगी उशिरा पडते आणि जोरदारही पडते. उजव्या मॅग्नेटोला हे काही नाही. म्हणूनच सुरू करताना चावी डाव्यावर ठेवायची असते, आणि मी ती पहिल्या दिवसापासून डाव्यावरच ठेवत होतो.

«तू ठेवतो डाव्यावर, ते खरं,» काका म्हणाले, «पण त्या पडद्यावर चाबी कुठं आहे ते पाह्यलं का?»

पाहिले नव्हते. मी नेहमी दृश्य आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणाऱ्या, काट्याजवळ आणून ठेवत असे आणि चावी त्या चौकटीच्या बाहेर राहत असे. दृश्य मागे घेतले. माझा हात पेटीवरच्या डाव्या खुणेवर होता आणि पडद्यावरची चावी उजव्यावर होती.

कारण पाच मिनिटांत सापडले. रोटरी स्विचला तारा जोडताना मी तो पालथा धरून मागच्या बाजूने डाग दिले होते, आणि मागून पाहताना डावे-उजवे आरशासारखे उलटे होते. निळी तार पिवळीच्या जागी, पिवळी निळीच्या. «बंद» आणि «दोन्ही» ह्या खुणांच्या तारा बरोबर असल्याने इतर कुठेही शंका आली नाही. चौदा दिवस मी खटका नसलेल्या मॅग्नेटोवर झिजलेले इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करत होतो. काकांनी स्वतः टॉर्च धरला आणि मी दोन्ही डाग काढून तारा बदलल्या. त्यानंतर पेटीच्या आत, स्विचच्या पाठीवर, पांढऱ्या रंगाने «डावा» आणि «उजवा» लिहून ठेवले.

मग प्रायमर तीनदा, थ्रॉटल पाव इंच, चावी डाव्यावर, सेल्फ. पंखा दोन फेऱ्या जड फिरला, एक सिलिंडर बोलला, मग काही नाही, मग दुसरा, आणि मग तिघांनी मिळून इंजिन ओढून नेले. संपूर्ण पॅनेल थरथरत होते. तिसऱ्या सिलिंडरचा ठोका चुकत असल्याने ही थरथर एकसारखी नव्हती, लंगडणाऱ्या माणसाच्या चालीसारखी होती. तेलाच्या दाबाचा काटा अकराव्या सेकंदाला खालच्या खुणेवरून सुटला. तीस सेकंदांत तो हलला नसता तर इंजिन बंद करणे भाग होते. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि चहाचा थंड झालेला कप तसाच उचलून प्यायले. मला फार आनंद झाला.

२२ डिसेंबर

सुरू झालेले इंजिन उडण्याजोगे आहे असे नाही. १,७०० आरपीएमवर मॅग्नेटो तपासले. एका मॅग्नेटोवर गेल्यावर वेग १२५ पेक्षा जास्त पडू नये आणि दोन्हींमधला फरक ५० च्या आत असावा. डाव्यावर ८५ पडला, उजव्यावर १६० आणि इंजिन मिसिंग मारू लागले. दोन आठवडे कच्चे पेट्रोल आणि तेल पिऊन एखादा प्लग पुन्हा काळा पडला असणार. वेग २,००० वर नेला, मिक्श्चर हळूहळू मागे ओढून इंजिन अडखळण्याच्या अलीकडे आणले आणि मिनिटभर तसेच चालवले, म्हणजे प्लगची उष्णता वाढून साठलेले जळून जाते. पुन्हा तपासले तेव्हा उजव्यावर ११० पडला. फरक २५. हे चालण्याजोगे आहे.

२९ डिसेंबर, रविवार

एकदा सुरू झाले ह्याला मी यश मानत नाही, म्हणून ह्या आठवड्यात प्रत्येक वेळी इंजिन पूर्ण थंड होऊ देऊन, १० अंशांनाच, तीस वेळा सुरू करून पाहिले. प्रायमर दोनदा मारून दहापैकी चार वेळा सुरू झाले, तीनदा मारून नऊ वेळा, आणि चारदा मारून सहा वेळा, कारण उरलेल्या चार वेळा ओव्हरफ्लो झाले. हे आकडे माझ्या ह्याच इंजिनाचे आहेत. दुसऱ्याच्या इंजिनात दट्ट्यांची संख्या वेगळी येऊ शकते. ह्याला एकूण सात तास लागले, बहुतेक वेळ इंजिन थंड होण्याची वाट पाहण्यात.

तीनदा मारलेल्या दहांपैकी एक प्रयत्न फसला तो माझ्याच चुकीने: प्रायमरचा दट्ट्या मारल्यावर आत ढकलून फिरवून कुलूपबंद करायचा राहिला. तसा राहिला तर इंजिन त्यातून पेट्रोल ओढत राहते आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होते.

१० मे २०२५, शनिवार

मधल्या काळात विमान नियमित उडवले. आज उन्हाळ्यासाठी तापमान ४४ अंश ठेवले. बाहेर नागपूर तसेच तापलेले आहे, खोलीत कूलर चालू आहे.

थंड इंजिन ४४ अंशांना प्रायमरशिवाय, पहिल्याच सेल्फला उचलले. अडचण त्यानंतर आली. अर्धा तास उडून उतरलो, इंजिन बंद केले, वीस मिनिटांनी पुन्हा सुरू करायला गेलो आणि हाताने सवयीप्रमाणे दट्ट्या एकदा मारला. गरम इंजिन बंद झाल्यावर त्याची उष्णता वर चढून कार्बोरेटरमधले पेट्रोल तापवते, त्याची वाफ आधीच आत भरलेली असते. त्यात मी आणखी पेट्रोल घातले. ओव्हरफ्लो झाला, आणि डिसेंबरात गिरवलेली दोन्ही हातांची हालचाल आज कामी आली: मिक्श्चर मागे, थ्रॉटल पूर्ण, सातव्या सेकंदाला पकडले. त्यानंतर तीन वेळा गरम इंजिन प्रायमर न मारता, थ्रॉटल अर्धा इंच उघडून सुरू केले आणि तिन्ही वेळा ते निघाले.

ह्या उन्हात सुरू होणे हा सोपा भाग आहे. हवेचा दाब प्रमाण धरला तरी ४४ अंशांना सोनेगावची हवा सुमारे साडेचार हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते, आणि तीन चांगल्या सिलिंडरांवर विमान धावपट्टी १४ वरून इतके सावकाश वर चढले की मी पुढचे उड्डाण एकट्यानेच आणि अर्ध्या टाकीवर केले.

११ मे

आज पुन्हा कॉम्प्रेशन घेतले: ७३, ७०, ५१, ७२. तिसरा सिलिंडर पाच महिन्यांत आणखी सात पीएसआय गेला आणि तेलही तासाला आधीपेक्षा जास्त जाते. पहिल्या दिवशीची अट आता सोडतो आहे. पुढच्या रविवारी तो सिलिंडर बदलणार. त्याआधी विमानाच्या आजच्या अवस्थेची फाइल वेगळी जपून ठेवली आहे, म्हणजे कोणाला हेच इंजिन, ह्याच दुखण्यासह, सुरू करून पाहायचे असेल तर ते देता येईल. काकांनी त्यांच्या नातवासाठी मागून ठेवली आहे.